हेर ढवळ्याची बायको

वारा पडला म्हणून अर्धी नागली उपणायची राहिली. नाहीतर त्या संध्याकाळी खळ्यावरचं काम संपलंच होतं. मी सूप धरून उभा होतो, म्हातारी, म्हणजे माझी बायको, खाली बसून बाजूला उडालेले दाणे खराट्यानं गोळा करत होती, आणि मोबाइल खांबाला टांगलेल्या पिशवीतून बोलत होता. पिशवीतली बाई जर्मन भाषेत काहीतरी विचारायची, म्हातारी उत्तर द्यायची. मधेच म्हातारीनं मान वर करून मलाच काहीतरी विचारलं, जर्मनमध्ये. मी म्हटलं, "नाइन." ती हसली. "मंजीच्या बा, वारा येईल का म्हणून विचारलं, तर तू नाही म्हणालास. आता कसला येतोय." आला नाही. उरलेला ढीग ताडपत्रीखाली झाकला आणि आम्ही उठलो. दुसऱ्या दिवशी दुपारी ती शेताच्या बांधावर पाणी प्यायला बसली ती उठली नाही. जीप बोलावली, जीप आलीही, पण न्यायचं काही उरलं नव्हतं. आमचं शेवटचं धड बोलणं हेच, वाऱ्याचं.

हे मी रडायला लिहीत नाही. मी चौथी शिकलेला माणूस, मला लिहायची सवय नाही. पण तिच्या दिवसकार्याला आमच्या शाळेतल्या गुरुजींनी जो मोठा फलक लावला, त्यावर तिच्या फोटोमागं विमान काढलं होतं आणि खाली लिहिलं होतं, 'जर्मनीला जाण्याचे स्वप्न अपूर्णच राहिले.' ते खोटं आहे. मेलेल्या माणसाला उलटून बोलता येत नाही, म्हणून मी बोलतोय. तुमच्याही गावात अशी एखादी बाई असेल, उगाच काहीतरी शिकलेली. तिच्या मागंही लोक असंच काहीतरी चिकटवतील. लक्ष ठेवा.

आमचा पाडा साखरशेतच्या वरच्या अंगाला. म्हातारी मोखाड्याकडची, सातवी झालेली, म्हणजे माझ्यापेक्षा तीन यत्ता पुढं, आणि हे ती मला कधी विसरू द्यायची नाही. एका हिवाळ्यात योहाना नावाची जर्मन पोरगी नागलीच्या बियाण्याचा अभ्यास करायला आली आणि आमच्या ओटीवर राहिली. नागली म्हणजे तुमची नाचणी. पोरगी पुस्तकातून शिकलेलं मोडकंतोडकं मराठी बोलायची. फोन लागायची जागा आमच्याकडं एकच, पाड्यामागचा कातळ. रोज दिवस मावळायच्या आत ती तिथं जाऊन आपल्या आईशी बोलायची, आणि बिबट्या फिरतो म्हणून म्हातारी हातात कोयती घेऊन सोबत जायची. पोरगी बोलायची, ही बाजूला बसून ऐकायची.

थोडे दिवस गेले आणि म्हातारी मला म्हणाली, "पोरगी आयला खोटं सांगते. जेवली नाही तरी जेवले सांगते." मी म्हटलं, तुला तिचं काय कळतं? म्हणाली, "आयशी खोटं बोलताना पोरीचा आवाज कसा होतो ते कळायला भाषा लागत नाही." मी जाऊन बघितलं तर पोरीच्या अंगात ताप होता आणि तिची भाकरी कुत्रा खात होता. तेव्हा म्हातारीच्या मनानं घेतलं. नुसत्या आवाजावरून एवढं कळतंय, तर शब्द कळले की किती मजा येईल. एवढंच कारण. ह्यापुढं दुसरं कारण कुणी काढू नये.

आता ढवळ्याचं सांगतो, नाहीतर वर लिहिलेलं नाव कुणाला कळायचं नाही. भाषा शिकताना पहिला धडा नावाचा असतो. माझं नाव अमुक, माझ्या नवऱ्याचं नाव तमुक. आमच्यात बाई नवऱ्याचं नाव घेत नाही. अरेतुरे करील, भांडण झालं तर शिव्या देईल, पण नाव नाही. योहानानं विचारलं, नवऱ्याचं नाव काय? म्हातारी अडली. पोरगी आपली वाट बघत बसली. शेवटी हिची नजर गोठ्याकडं गेली आणि हिनं सांगून टाकलं, ढवळ्या. ढवळ्या आमचा पांढरा बैल. दुसऱ्या दिवसापासून पोरगी सकाळी उठली की मला हात जोडून "हेर ढवळ्या" म्हणायला लागली. हेर म्हणजे त्यांच्याकडचं श्रीयुत, हे मागाहून कळलं; तेव्हा मला वाटलं, घरधन्याला त्यांच्यात असं म्हणत असतील. मी ओ देत राहिलो. एकदा बैलाला पाणी पाजत होतो, तिनं मागून हाक मारली, आणि मी आणि बैलानं एकदम मान वळवली. म्हातारी जी घरात पळाली, ती तोंडात पदर कोंबून चुलीपाशी हसत बसलेली सापडली.

मी भडकलो. म्हटलं, आख्ख्या जर्मनीत मला बैल करून ठेवलंस. ती म्हणाली, "मग काय सांगू? चांगलं नाव आहे. कामाला वाघ आहे आणि मारत नाही." पुढं योहानाला खरं नाव मंजीनं सांगितलं, मंजी म्हणजे आमची मुलगी. पण पोरीला ढवळ्याच आवडला होता. बैल म्हातारा होऊन गेला, नाव माझ्याकडं राहिलं.

योहाना परत गेली तेव्हा सगळ्यांना वाटलं, आता हे खूळ संपलं. पण मंजी बोईसरला कंपनीत आहे, तिनं मोबाइलमध्ये धडे घालून दिले. कातळावर जायचं, धडा मोबाइलमध्ये उतरवून घ्यायचा आणि मग दिवसभर तोच घोकायचा. आवणीच्या दिवसांत चिखलात वाकलेली असायची तरी तेच. एक रोप रोवलं की एक शब्द. बाकीच्या बाया गाणं म्हणायच्या, ही आपल्या ओळीत पुटपुटायची. ओळ कधी वाकडी गेली नाही, शब्द मात्र अडायचे. अडला की रोप हातात धरून तशीच वाकलेली थांबायची, आणि मागची बाई ओरडायची, "ए जर्मलवाली, चल पुढं." ॲल्युमिनियमच्या भांड्यांना आमच्याकडं जर्मल म्हणतात, त्यावरून तिला ते नाव पडलं. तिला त्याचा राग नव्हता. "जर्मल हलकं असतं, पडलं तरी फुटत नाही," म्हणायची. राग मला यायचा. तिचा वाटा धरून मीच रागवायचो.

धड्यात नेहमी दोन माणसं बोलतात. दुकानदार आणि गिऱ्हाईक, नाहीतर डॉक्टर आणि आजारी. तिच्या धड्यातला दुसरा माणूस मी. मला बाकीचं कुठून यायला, म्हणून तिनं दोनच शब्द शिकवले, एक हो आणि एक नाही. त्यातला 'हो' मी विसरलो. 'नाही' मला आवडला. नाइन. तोंडात भरतो, भाकरीच्या घासासारखा. मी सगळ्यालाच नाइन म्हणायचो. त्यामुळं तिच्या दुकानात कधी काही विकलं गेलं नाही आणि डॉक्टरकडं आलेल्याला कधी काही दुखलं नाही. एकदा सकाळी तिनं काहीतरी विचारलं, मी नाइन म्हटलं, ती उठून शेळ्या घेऊन गेली. चहा विचारला होता. दुपारपर्यंत चहा नाही. तेव्हापासून मी आधी विचारून घ्यायचो, धडा आहे की चहा आहे?

तिला जर्मन फार येत होतं असं मी म्हणणार नाही. गेलेल्या माणसाला फुगवून सांगायची मला सवय नाही. शेळी, पाऊस, गुडघेदुखी आणि मंजीचा नवरा, एवढ्यात तिचं जर्मन संपायचं. योहाना महिन्यातून एका रविवारी फोन करायची, आपल्याकडं ऊन चढलेलं असायचं आणि तिकडं नुकतं उजाडत असायचं. म्हातारीच्या एकेका वाक्याला ती तिकडून खो खो हसायची. म्हातारीही हसायची. चुकलं तर पुन्हा म्हणायची, पुन्हा चुकायची. फोन झाला की कातळावरून खाली येताना तिचा चेहरा असा असायचा, जशी एखादी माहेराहून आली आहे. मोखाड्याच्या माहेराहून आली तरी एवढी खूश नसायची.

"कशाला?" हा शब्द मी तिच्या पाठीमागं जेवढा ऐकला तेवढा दुसरा कुठला ऐकला नाही. भावकी विचारायची, जीपवाला विचारायचा, जव्हारच्या बाजारात मिरच्या विकणारीही विचारायची. गुरुजींचं तर पालुपदच होतं. "आजी, परीक्षा द्या, प्रमाणपत्र मिळेल." प्रमाणपत्राचं काय करायचं? "चारचौघांत दाखवता येईल." एकदा ओटीवर बसवून तिनं त्यांना नीट सांगितलं. "गुरुजी, घरची बोली आयनं दिली. मराठी शाळेनं दिली. हिंदी भिवंडीच्या वीटभट्टीवर मुकादमानं दिली, शिव्यांसकट. एकही मी मागितली नव्हती. ही एकटी मी माझ्या हातानं घेतली." गुरुजींनी मान डोलावली, चहा प्याले आणि जाताना पायरीवरून म्हणाले, "पण परीक्षेचा विचार करा."

मग त्यांनीच एक दिवस नाशकाहून एक कॅमेरावाला आणला. भला माणूस दिसत होता, बूट ओटीखाली काढून आला. त्यानं आधी म्हातारीचं नवं लुगडं बदलायला लावलं, जुनं नेसा म्हणाला. मग घरातली टोपली शोधून काढली आणि म्हणाला, ही डोक्यावर घ्या आणि चालता चालता जर्मन बोला. मी कोपऱ्यात बसून दात खात होतो. म्हातारीनं टोपलीत वाकून बघितलं. "ह्यात काही नाही," ती म्हणाली. तो म्हणाला, "चालेल, वरून दिसत नाही." ती म्हणाली, "रिकामी टोपली डोक्यावर घेऊन आमच्यात कुणी चालत नाही, बाळा. लोक हसतील." आणि जी शेण काढायला गेली ती तो जाईपर्यंत गोठ्यातून बाहेर आलीच नाही. गुरुजी मला म्हणाले, "बाबा, चांगली संधी घालवली." कुणाची संधी, ते मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

विमानाचंही सांगतो. योहाना लग्न करणार होती तेव्हा तिनं म्हातारीला बोलावलं होतं. तोंडदेखलं नाही, मनापासून. तिकीट मी काढते, पासपोर्टचं सगळं मंजीला समजावते, महिनाभर राहा. मंजी नाचायलाच लागली. मीही म्हटलं, जा, मी शेळ्या बघतो. म्हातारीनं एक दिवस विचार केला. चुलीपाशी बसून भाकरी थापत होती, तिथूनच म्हणाली, "तिथं तर सगळेच जर्मन बोलतात. शेंबडं पोरसुद्धा बोलतं म्हणे. मग माझी काय मजा राहिली? इथं अख्ख्या डोंगरात मी एकटी आहे." आणि भाकरी उलटली. विषय संपला. लग्नाच्या दिवशी कातळावर बसून तिनं फोनवरून अक्षता टाकल्या, खऱ्या तांदळाच्या, त्या सगळ्या माझ्या डोक्यात पडल्या.

आता सांगा, ह्यात अपूर्ण काय राहिलं?

मी मधे काही वर्षं ठाण्याला एका सोसायटीत रखवालदार होतो. तिथं वरच्या मजल्यावर एक बाई होत्या, नातवंडं झाल्यावर पेटी शिकायला लागल्या. सूर धड लागत नव्हता, खाली गेटवर मला ऐकू यायचं. पण आख्खी बिल्डिंग कौतुक करायची. ह्या वयात छंद जोपासला, म्हणायचे. कुणी त्यांना विचारलं नाही की कशाला, कुणी म्हटलं नाही की मैफलीचं स्वप्न राहून गेलं. त्या पेटी शिकल्या तर तो छंद, आणि आमची बाई जर्मन शिकली तर ते स्वप्न, आणि तेही अपूर्ण. गरिबाला पोट असतं आणि स्वप्न असतं. ह्या दोन्हींच्या मधे नुसतं आवडणं म्हणून काही असतं, हे कुणाच्या डोक्यात शिरत नाही. तिच्या आयुष्यात जे एक काम फायद्यासाठी नव्हतं, त्यालाच ह्यांनी तोट्यात काढलं.

गुरुजी वाईट माणूस नाहीत. तिला खांदा द्यायला तेच पुढं होते, जीपही त्यांनीच फोन करून बोलावली होती. म्हणून जास्त राग आला. दिवसाचं जेवण झाल्यावर समाजमंदिरात सगळे बसले होते, गुरुजी बोलायला उभे राहिले. मागं तो फलक, त्यावर विमान, कुठला तरी झेंडा आणि मधे म्हातारी, जणू तिला विमानातून खाली टाकलंय. गुरुजी म्हणाले, परिस्थितीनं साथ दिली असती तर आजी आज जर्मनीत असत्या. बायांनी चुकचुक केली. आवणीला तिला चल पुढं म्हणणाऱ्या त्याच बाया, त्या विमानाकडं बघून डोळे पुसत होत्या. मंजी माझा हात धरून बसली होती. मला बोलायला कुणी सांगितलं नव्हतं. मी हात सोडवला, उठलो, आणि तोंडातून पहिला शब्द निघाला तो "नाइन."

गुरुजी थांबले. "काय म्हणालात, बाबा?"

"तिच्या भाषेत सांगितलं. आता तुमच्या भाषेत सांगतो. खोटं आहे. ते काढा."

गुरुजी जवळ आले, खांद्यावर हात ठेवून हळू म्हणाले, "बाबा, चांगल्या भावनेनं केलंय. लोकांना समजेल असं लिहावं लागतं."

मी म्हटलं, "तिला आवडायचं म्हणून शिकली. ह्यात न समजण्यासारखं काय आहे?"

"नुसतं आवडायचं, असं फलकावर कसं लिहिणार?"

"मग लिहू नका."

तेवढं बोलून मी भिंतीपाशी गेलो आणि स्वयंपाकाला आणलेली कोयती घेऊन फलकाच्या दोऱ्या कापल्या. मागून कुणीतरी म्हणालं, म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय, दुःखात आहे, जाऊ द्या. दुःखात तर मी आहेच. पण डोकं जागेवर होतं. फलक गुंडाळला, काखेत मारला आणि घरी आलो. वाटेत मंजी म्हणाली, "बा, उद्या रविवार. योहानाचा फोन येईल. तिला मी सांगते." मी म्हटलं, नको. तिला मी सांगीन. "कसं सांगशील?" मी फलक दुसऱ्या काखेत घेतला आणि चालत राहिलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी फलकातला म्हातारीचा फोटो कापून घेतला आणि पत्र्याच्या पेटीवर ठेवला. उरलेलं विमान उलटं करून खळ्यावर अंथरलं. चांगलं जाड कापड, पैसे घातलेत गुरुजींनी. ताडपत्री काढून ढीग बघितला, दवानं वरचा थर थोडा ओला झाला होता, बाकी नागली ठीक होती. वारा होता. मी एकट्यानं सूप धरलं आणि उरलेली सगळी उपणून काढली. कोंडा उडून गेला, दाणे विमानाच्या पाठीवर पडत राहिले. उडालेले दाणे गोळा करायला खाली कुणी नव्हतं, ते कोंबड्यांनी खाल्ले.

ऊन चढल्यावर मोबाइल घेतला, तिच्या सवयीनं हातात कोयतीही घेतली, आणि कातळावर जाऊन बसलो. फोन वाजला. योहाना नेहमीसारखी सुरू झाली, जर्मनमध्ये, मोठ्यानं, मधेच "आय" म्हणाली. ती म्हातारीला आय म्हणते, मंजी म्हणते तसं. मी नुसता खाकरलो. मग तिकडून आवाज आला, "हेर ढवळ्या?" आणि काहीतरी विचारलं, त्यात पुन्हा आय होती.

मी म्हटलं, "नाइन."

ती हसली. मी हा शब्द नेहमी थट्टेतच म्हणत आलोय. तिनं पुन्हा तेच विचारलं, सावकाश, लहान पोराला विचारावं तसं.

"नाइन," मी म्हटलं. "पोरी, नाइन."

ह्या वेळी ती हसली नाही. मग मी मराठीत सगळं सांगितलं, बांध, पाणी, जीप, जेवढं सांगता आलं तेवढं. तिला किती कळलं कोण जाणे. शेवटी विचारायचं ते विचारलं, सकाळचं काही खाल्लंस का? ती मराठीत म्हणाली, "हो, हेर ढवळ्या. जेवले."

"खोटं बोलू नको," मी म्हटलं. "जा, काहीतरी खा. मी थांबतो." आणि फोन कानाला लावून कातळावर बसून राहिलो.